मला वाटलं, त्याला माहीत आहे

आमचं दोघांचं शेवटचं साधं काम म्हणजे आम्ही विहिरीच्या काठावर एका फडक्यावर भाकर खाल्ली. आमचा अबोला होता. दिनकर माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा, आणि आदल्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. तरी फडकं एकच होतं, कारण माय आणि मामी दोघी मिळून एकच शिदोरी बांधायच्या, आणि पोरांचं भांडण झालं म्हणून त्या काही दोन शिदोऱ्या बांधणार नव्हत्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि आदल्या दिवशीचे उरलेले डाळीचे फुणके. दिनकरने बुक्की मारून कांदा फोडला आणि अर्धा फडक्यावरून माझ्याकडे सरकवला, माझ्याकडे न पाहता. मी तो खाल्ला, त्याच्याकडे न पाहता. माझ्याकडे आलेला अर्धा मोठा होता. मला वाटलं, याचा राग उतरून राहिला आहे. ते मला वाटलं, एवढंच. कांद्यावरून माणसाच्या पोटातलं कळत असतं तर पुढचं काही झालं नसतं.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. लिहायची सवय नाही, आणि गोड करून सांगायची तर मुळीच नाही. माझी बायको कमल गेली त्याला आता पाच महिने झाले. ती होती तोवर हे लिहिता येत नव्हतं, कारण ही गोष्ट तिच्या भावाची आहे. दिनकर तिचा सख्खा भाऊ. आता घरात मी एकटा असतो, सून सकाळी डबा ठेवून जाते, आणि दिवसभर समोरच्या भिंतीकडे पाहिलं की हेच आठवतं. म्हणून लिहितो.

भिंतीचंच आधी सांगतो. माझा बाप मी लहान असतानाच वारला आणि माय मला घेऊन भावाकडे, म्हणजे मामाकडे, रोहिणखेडजवळच्या गावात आली. मामाने आपल्या घराच्या मध्ये मातीची भिंत घातली आणि दोन खोल्या आम्हाला दिल्या. एक भिंत, इकडे एक चूल, तिकडे एक चूल. भिंत अशी पातळ होती की तिकडे मामाने कूस बदलली तरी इकडे खाट वाजल्याचं कळायचं. त्यामुळे माझ्या मायला एक विद्या आली होती. ती भाकरी थापता थापता कान तिकडे लावून बसायची आणि मला सांगायची, "वहिनी रागात हाय आज. भांडे आपटून राह्यली." किंवा, "दादाले काळजी लागली कायची तरी. तीनदा खाकरला, बोलला एकदाबी नाही." मामा म्हणायचा तसं नव्हतंच काही, घशात तंबाखूचा कण अडकला होता, तरी माय मानायची नाही. "मले काय सांगता. मले सगळं आयकू येते." तिकडून मामीही आमच्या घराचं असंच ओळखायची. कमलच्या बांगड्या वाजल्या की मी पण ओळखायचो, ही आता पीठ मळते, ही आता केस विंचरते, हिच्या मनात आता अमुक असेल. विचारायला कोणी जात नव्हतं. चार पावलांवर दार होतं, पण आम्हाला भिंतीचाच आधार वाटायचा.

अबोल्याचं कारणही कमलच. मामाची पोरगी आपल्याकडे भाच्यालाच द्यायची असते असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि तसंच होणार असं धरून चाललो होतो. कमलला काय वाटतं ते मी विचारलं नव्हतं. तिलाही तसंच वाटत असणार, असं मला वाटत होतं. मग मलकापूरकडच्या एका मास्तराचं स्थळ आलं आणि दिनकर मामाला म्हणाला, मास्तर चांगला आहे. मला कळलं तेव्हा मी त्याला गोठ्यात गाठलं. तो तोंडावर बोलला, मागून बोलणारा नव्हता.

"तू सुरुंग भरते, मीबी भरतो," तो म्हणाला. "उद्या तुह्या हात गेला तं तिले कोण खाऊ घालीन? मी?"

"तुह्या काऊन नाही जाणार हात?"

"माह्याबी जाईन. म्हणून तं मी कोनाची पोरगी मागून नाही राह्यलो."

मी गोठ्यातून निघून आलो आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्यानेही केलं. आमचा अबोला नवा नव्हता, वर्षातून चारदा व्हायचा, आणि काम मात्र चालू राहायचं. अबोल्यात थेट बोलायचं नाही, पण मध्ये काही असलं तर त्याला बोलायची मुभा. दिनकर दोराला म्हणायचा, "दोरा, तुले आज कोणं गुंडाळलं रे बाप्पा, म्हशीनं?" मग मी पहारीला सांगायचो, "पहारी, ज्याले गुंडाळता येते त्यानं गुंडाळावं." आमचा उस्ताद हबीबचाचा खो खो हसायचा. म्हणायचा, "मियाँ-बीवी हो क्या बे तुम? निकाह पढवा दूँ?"

हबीबचाचा रोहिणखेडचा. गावोगावच्या विहिरी फोडायचं काम त्याने तीस-पस्तीस वर्षं केलं होतं आणि त्यात त्याचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे पाहून तो बोलणं ओळखायचा. आमच्याकडे पाणी काळ्या खडकाखाली. खडकात पहारीने भोकं पाडायची, त्यात दारूचे तोटे भरायचे, वरून ओली माती ठासायची, वात बाहेर ठेवायची. एकजण खाली राहून बिडीने वाती पेटवायचा आणि दोराला धरून वर यायचा, मग सगळे शंभर पावलं पळायचे. वातींची लांबी कमी-जास्त ठेवलेली, म्हणून बार एकामागून एक उडायचे आणि मोजता यायचे. जेवढी भोकं भरली तेवढे खडे काठावर मांडून ठेवायचे. जो भोक भरेल त्याने आपला खडा ठेवायचा. बार कमी ऐकू आले तर विहिरीकडे फिरकायचं नाही. आणि चाचाचा एक कायदा होता, तो त्याने आमच्या डोक्यात ठोकून भरला होता. धूर निघाल्यावर दोघांनी एकमेकांना विचारायचं. "कितने?" तोंडाने विचारायचं, तोंडाने सांगायचं. "अपने मन में मत गिनो," चाचा म्हणायचा. "मन झूठा गवाह है. पूछो."

त्या दिवशी दौलतराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याच्या वावरात काम होतं. सकाळपासून आम्ही सहा भोकं पाडली. दिनकर पहार धरून फिरवायचा, मी घण मारायचो. अबोल्यात घण मारणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. बोटभर चुकलं तर हात जाईल, आणि ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या हाताजवळ घण मारायचा. एकदाही चुकलं नाही. सहाव्या भोकात पाणी झिरपत होतं. दिनकरने पाहिलं, मान हलवली आणि दोराला म्हणाला, "दोरा, सहावं सोडून दे. ओलं हाय." मग आम्ही पाच भरली, पाच खडे मांडले आणि जेवायला वर आलो.

जेवण झाल्यावर दिनकर दौलतरावच्या गुरांच्या कोठ्याकडे पाणी आणायला गेला. मी पुन्हा खाली उतरलो. चिंधी पहारीला गुंडाळून सहावं भोक कोरडं केलं, तोटा भरला, माती ठासली. कोणी सांगितलं नव्हतं. ह्याला जे जमत नाही ते मला जमतं, एवढं त्याला दाखवायचं होतं. वर आलो आणि सहावा खडा ठेवला, तो मुद्दाम मोठा, पांढरा. दिनकर घागर घेऊन आला. त्याने खड्यांकडे पाहिलं. मी त्याला पाहताना पाहिलं. तोंडाने सांगायला काय लागत होतं? पहारीला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने ओळखावं, मनातल्या मनात जळावं, असं मला हवं होतं. तो काही बोलला नाही, म्हणून मी धरून चाललो की तो जळला.

वाती मी पेटवल्या. सहा. वर आलो, पळालो. दिनकर बाभळीच्या झाडामागे, मी बांधाच्या आड, चाचा आमच्याही मागे. एक उडाला, दोन, तीन. चौथ्याला दगड आमच्या डोक्यावरून गेले. पाचवा उडाला. मी सहाव्याची वाट पाहत राहिलो. ओलं भोक, वात मंद जळत असणार. आणि दिनकर उठला.

तो अंग झटकून विहिरीकडे चालू लागला, नेहमीच्या चालीने. आता मी जे लिहितो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तो उठला तेव्हा ह्याला सहावा माहीत नसेल, असा विचार माझ्या मनात आलाच नाही. मला वाटलं, ह्याला माहीत आहे आणि हा मला दाखवून राहिला, की तुझ्या सहाव्याला मी भीत नाही. काठापर्यंत जाईल, माझ्याकडे पाहून हसेल आणि थांबेल. आणि मी आधी ओरडलो तर अबोला मी मोडला असं होईल. तेवढ्यासाठी मी तोंड मिटून उभा राहिलो. चाचा मागून पाहत होता. त्याला ऐकू येत नव्हतं; दिनकर चालला म्हणजे ह्या दोघांनी एकमेकांना विचारलं असणार, असं त्याला वाटलं. त्या वावरात आम्ही तिघं माणसं होतो, आणि तिघांनीही दुसऱ्याच्या डोक्यातलं आपणच ठरवून टाकलं होतं.

दिनकरने काठावरून वाकून पाहिलं नाही, हसला नाही. त्याने सरळ दोर धरला आणि उतरू लागला. त्याचं डोकं काठाखाली गेलं तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. चाचा म्हणायचा, तू ओरडलाच नाहीस. पण मी त्याला पाठमोरा होतो. मग सहावा उडाला.

दौलतरावच्या ट्रॅक्टरवर त्याला मलकापूरला नेलं. मलकापूरच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि ट्रॅक्टर पुढे निघेना. गाडीवाले उतरून बैल बाजूला घेत होते, एकमेकांना शिव्या देत होते. माझ्या मांडीवर दिनकरचं डोकं होतं. त्या रांगेतच तो गेला. कधी गेला ते मला कळलं नाही. मला वाटत होतं की त्याला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्याला जाळून आलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी जमादार यायचा होता. सकाळी मायने मला चुलीजवळ ओढून बसवलं आणि भिंतीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पोलीस इचारीन, सहावा त्याले माहीत होता का. तू म्हणजो, मी सांगतलं होतं."

"मी नव्हतं सांगतलं, माय."

"मले माहीत हाय. तुमचा अबोला होता तेबी साऱ्या गावाले माहीत हाय. लोकं काय म्हनतीन ते आयक. भाच्याले पोरगी देत नव्हते, म्हणून त्यानं भावाले मारलं. तुह्या मनात तसं नव्हतं, हे मी जाणते. लोकं कायले जाणतीन?"

जमादार मामाच्या ओट्यावर बसला. चहा घेतला नाही. विचारलं, "सहावा राह्यला हे तुले माहीत होतं?"

"हाव."

"त्याले?"

मामा खांबाला टेकून बसला होता. मी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणालो, "मी सांगतलं होतं त्याले. सहा हायत म्हणून."

जमादाराने लिहिलं. मला वाटलं, संपलं. मेलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट घालून दिली, त्याला काय कळणार आहे. पण दौलतराव तिथेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "सांगतलं होतं? मंग तो उतरला काऊन?"

एवढाच प्रश्न, आणि तो दुपारपर्यंत गावात सगळ्या ओट्यांवर फिरला. माहीत होतं तरी उतरला. पाच मोजले, सहावा बाकी आहे हे माहीत, तरी दोर धरला. मग कोणीतरी म्हणालं, म्हणजे त्याच्या मनातच होतं. दुसऱ्याने लगेच कारण आणलं, दोन दिवसांपासून तो गप्प होता. तिसऱ्याने पाहिलं होतं की त्या सकाळी त्याने मागे वळून घराकडे पाहिलं. कोणी वाईट माणसं नव्हती ती. माझी माय भांडी ऐकून जे करायची, तेच ती माणसं करत होती. मी एक खोटी वीट ठेवली आणि सगळ्या गावाने मिळून तिच्यावर भिंत उचलली. दिनकरने जीव दिला, असं संध्याकाळपर्यंत ठरलं. जमादारानेही जाता जाता मामाला तसंच काही विचारलं होतं म्हणे, घरात कोणी बोललं होतं का त्याला.

चाचा आला, मामाजवळ बसला, उठताना मला अंगणात घेऊन गेला. "तूने बोला था उसको?" त्याने विचारलं. मी होकाराची मान हलवली. चाचा माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिला. "दिन भर तेरे होंठ मैंने देखे. नहीं हिले." मग म्हणाला, "तेरे अंदर क्या था, मैं नहीं जानता. उसके अंदर क्या था, वो भी नहीं जानता. लोगाँ कैसे जानते, मेरे को समझता नहीं." तो गेला. नंतर विहिरीचं काम त्याने सोडलं.

कमल दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि खाली पाहूनच म्हणाली, "तुमचा तं अबोला होता."

एवढंच. पुढे तीन वर्षांनी तिने स्वतः बापाला सांगितलं की मी भिंतीपलीकडच्याच घरी जाईन, मास्तरबिस्तर काही नको. का सांगितलं, मला माहीत नाही. पंचेचाळीस वर्षं मी तिच्या ताटाला ताट लावून जेवलो. कधी वाटायचं, तिने मला माफ केलं. कधी वाटायचं, मला नजरेसमोर ठेवायला आली आहे. पाठ करून ती भाकरी थापायची तेव्हा मी तिच्या पाठीवरून ओळखायला पाहायचो. विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली तेव्हा ती दवाखान्यात होती आणि तिला नळी लावलेली होती. लोक भेटायला येतात तेव्हा म्हणतात, वहिनीला तुमची फार काळजी होती. मी म्हणतो, तुम्हाला कसं माहीत?  मला उद्धट म्हणतात, म्हणू द्या.

जमादार येऊन गेला त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मामीचा आवाज येत होता. ती रडत नव्हती. एकच विचारत होती, कोणाला ते कळत नव्हतं. "माह्या हातचं काय कमी पडलं त्याले? काय कमी पडलं?" माय भाकरी टाकून उठली आणि कानावर हात ठेवून बसली. तिला ऐकू येणाऱ्या गोष्टींपैकी ही एकच तिने ऐकायला नको म्हटली. मला म्हणाली, "आता बदलू नको काही. बदललं तं तुले नेतीन." मी चुलीत लाकूड सारलं. तिला वाटलं असेल, मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी मामाच्या दाराने गेलो. मामा ओट्यावर त्याच खांबाला टेकून होता, दाढी वाढलेली. माझ्याकडे पाहून सरकला, बसायला जागा केली. म्हणाला, "शेषराव, तू त्याच्या संग होता. एक सांग मले. त्याच्या मनात काय होतं बे? त्याले माहीत होतं, तं तो उतरला काऊन?" मामाने मला कधी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती.

मी बसलो नाही. म्हणालो, "त्याले माहीत नव्हतं, मामा. मी सांगतलं नव्हतं."

 आत मामीचं कालचंच विचारणं चालू होतं, ते थांबलं. मग मामाने विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव."

"तो उतरताना?"

"हाव."

मामाने जी जागा माझ्यासाठी केली होती तिथे हात टेकला आणि तो उठून आत गेला. कमल चौकटीत उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं; काही ओळखू आलं नाही. मायला न सांगता मी चपला घातल्या आणि गाडीरस्त्याने पायी निघालो. ठाण्यात पोचलो तेव्हा जमादार नुकताच खुर्चीवर बसत होता. त्याच्या टेबलापुढे उभा राहून मी म्हणालो, "कालचं खोडा साहेब. त्याले माहीत नव्हतं. मले होतं. असं लिहा."

त्याने नवा कागद काढला. मी उभाच राहिलो, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.